पाहुणी लांबची, पाहुणी जवळची

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या भिशीत नेहमीच्या गप्पा रंगल्या होत्या. साड्यांचा सेल, सुनांच्या नोकऱ्या, नळाला दिवसाआड येणारं पाणी. तेवढ्यात दारात पाच-सहा मुलं-मुली येऊन उभी राहिली. एक आयटीआयला जाणारा, एक बी.ए.ची, एक जण स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यांच्यात माझी लेकही होती. हातात वही-पेन. म्हणाली, "काकू, पाचच मिनिटं द्या."

तिनं सांगितलं ते असं. येत्या डिसेंबरात या मुलांचं युवा मंडळ गावात मुलांचं शिबिर भरवतंय. आठ राज्यांतून एकशेवीस मुलं-मुली येणार, दहा ते पंधरा वयाची, सहा दिवसांसाठी. शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात गाद्या टाकून त्यांना झोपवायचं नाही. दोन-दोन मुलं एकेका घरात ठेवायची. म्हणजे साठ घरं हवीत.

भिशीत एकदम शांतता! मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. "जेवायला काय लागतं गं त्यांना?" "आमच्याकडं संडास-बाथरूम एकच आहे." "पोरगं आजारी पडलं तर?" आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या आवाजात, "जात-बीत काही कळतं का आधी?"

मला हसू आलं. मी बायकांना हसतेय असं त्यांना वाटलं असणार, पण मी माझ्याच नावानं हसत होते. २०१७ साली असंच शिबिर आमच्या गावात झालं, तेव्हा हेच प्रश्न मी विचारले होते. अगदी याच क्रमानं. शेवटचासुद्धा.

तेव्हा आमच्याकडं दोन मुली आल्या. एक ओडिशाची, एक मणिपूरची. मणिपूरची मुलगी इंफाळहून बसनं दिमापूर आणि तिथून पुढं रेल्वेनं असा चार दिवसांचा प्रवास करून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आम्हाला दोघींची येत नव्हती. हिंदी म्हणाल तर आमचीही मोडकी आणि त्यांचीही मोडकी. पहिल्या रात्री ताटात भाकरी बघून ओडिशाची पोर माझ्याकडं बघत राहिली. भात वाढला तशी कळी खुलली. मणिपूरची गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी मी हिरव्या मिरचीचा ठेचा केला आणि तिनं तो चटणीसारखा नाही, भाजीसारखा खाल्ला! डोळ्यांतून पाणी येतंय, नाक ओढतेय आणि पुन्हा वाटी पुढं करतेय. त्यांच्याकडं आपल्यापेक्षा तिखट मिरची असते, हे मग कळलं.

सासूबाई पहिल्या दिवशी लांबच होत्या. त्यांना जवळ आणलं ते एका शब्दानं. ओडिशाची मुलगी 'पाणी' म्हणाली. आपल्यासारखं, 'ण' लावून. हिंदीतलं 'पानी' नव्हे. मग सासूबाईंनी केळं, पेरू, बोरं पुढं करून तिला विचारलं, याला काय म्हणता? तिनं सगळं मिळून 'फळ' म्हटलं आणि त्यातला 'ळ' अगदी आमच्या घरातला निघाला. हिंदीत हा 'ळ' नाही, ओडियात आहे. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "अगं, आपल्यासारखंच बोलतंय की लेकरू!"

मणिपूरच्या मुलीच्या पिशवीत सुकवलेल्या मासळीची पुडी निघाली. आमचं घर माळकरी. वास दिवाणखान्यापर्यंत आला. पोरीचं तोंड इतकंसं झालं. आता काय होतंय, म्हणून मी जीव मुठीत धरून बघत होते. सासूबाईंनी पुडी घेतली, तीन कॅरीबॅगमध्ये बांधली आणि परसातल्या पेरूच्या फांदीला टांगून ठेवली. म्हणाल्या, "तिच्या आईनं बांधून दिलंय. फेकायचं नाही कुणी. जाताना आठवणीनं द्या."

त्याच मुलीनं आम्हाला इंफाळच्या बाजाराबद्दल सांगितलं. 'इमा कैथेल' म्हणजे आयांचा बाजार. हजारो बायका ओट्यावर बसून भाजी, मासळी, कापड विकतात. गाळे बायकांचेच, पुरुषांना तिथं दुकान मांडता येत नाही. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्या मंगळवारच्या बाजारात भाजीवाली बाई बसते आणि पावती फाडणारा, जागा ठरवणारा, वजनकाटा तपासणारा असतो पुरुष! त्या आठवड्यात बाजारातून परत येताना सासूबाई बराच वेळ गप्प होत्या.

हे असं मुलांना घराघरांत ठेवणं आजचं नाही. साने गुरुजींच्या डोक्यात 'आंतरभारती' होती. १९३०च्या सत्याग्रहात गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं, तिथं ते तमिळ शिकले. पुढं त्यांनी 'कुरल' मराठीत आणलं. आपल्या प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी जावं, हा ध्यास त्यांना शेवटपर्यंत होता. १९५०च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं काम संस्थांनी आणि शाळांनी आपापल्या परीनं पुढं नेलं. २४ डिसेंबर हा गुरुजींचा जन्मदिवस. १९८५ साली याच दिवशी बाबा आमटे कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणींना सायकलींवर घेऊन 'भारत जोडो'साठी निघाले, थेट जम्मूपर्यंत. पाठीच्या दुखण्यानं बाबांना नीट बसताही येत नव्हतं.

आणि एस. एन. सुब्बराव, सगळ्यांचे भाईजी. खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा खादीचा शर्ट, जन्मभर तोच वेश. १९७० साली त्यांनी राष्ट्रीय युवा योजना सुरू केली आणि देशभर शिबिरं घेतली. सकाळी श्रमदान, मग एकमेकांच्या भाषेचा वर्ग, संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना, रात्री गाणी. चंबळच्या खोऱ्यातल्या जौरा गावी त्यांनी आश्रम काढला होता. १९७२ साली तिथं जयप्रकाश नारायण यांच्यासमोर डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, त्यामागं या आश्रमाचेही कष्ट होते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये भाईजी गेले. आज गावोगावची कितीतरी युवा मंडळं त्यांच्या शिबिरांची पद्धत वापरतात. पुष्कळांना ती कुठून आली हे माहीतही नसतं.

पण या सगळ्या इतिहासात एक माणूस कुठंच दिसत नाही. पहाटे उठून शिबिराला जाणाऱ्या दोन परक्या पोरींच्या वेण्या घालणारी, त्यांचे कपडे धुणारी, 'पोट बिघडलं का' म्हणून ओव्याचं पाणी पाजणारी बाई. स्टेजवर भाषणं होतात, फेटे बांधले जातात, फोटो येतात. आणि ते पोर आईच्या आठवणीनं रडतं ते रात्री साडेदहाला, आमच्या स्वयंपाकघरात.

इथपर्यंत मी स्वतःचं कौतुक केल्यासारखं झालं. आता जे सांगायचंय ते लिहायला मला अवघड जातंय.

२०१९ साली माझ्या लेकीचा नंबर लागला. शेजारच्या राज्यातलं शिबिर, ती तेव्हा नववीत. बॅग भरून झाली. निघायच्या आदल्या दिवशी ज्या घरी ती राहणार होती तिथून फोन आला. आवाज बाईचा, अगदी गोड. नाव ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घर मुसलमानाचं होतं. अशा शिबिरांत मुद्दामच एका धर्माचं मूल दुसऱ्या धर्माच्या घरी ठेवतात. मला हे माहीत होतं. २०१७ साली सभेत उभं राहून बायकांना मीच हे समजावून सांगितलं होतं!

रात्रभर मला झोप नाही. सकाळी नवऱ्याला म्हटलं, तिला जरा ताप वाटतोय, नको पाठवू या. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं. लेक माझ्याकडं बघतच राहिली, कारण तिला ताप-बीप काही नव्हता. बोलल्या त्या सासूबाई. देवघरातूनच. "दुसऱ्याच्या पोरी ठेवून घेतल्या तेव्हा मोठी मिरवलीस. आता आपली पाठवायला काय धाड भरली?"

लेक गेली. सहा दिवसांनी आली ती वजन वाढवून. त्या ताईंनी रोज रात्री मला फोन केला. आज काय खाल्लं, किती झोपली, कुठं खरचटलं, सगळं सांगितलं. लेक परत आल्यावर बोलता बोलता म्हणाली, "आई, त्यांनी माझ्यासाठी नवी कढई आणि नवा तवा आणला होता. मला मनात काही यायला नको म्हणून. मी म्हटलं, मला चालतं काहीही, तर म्हणाल्या, तुला चालेल गं, तुझ्या आईला बरं वाटेल."

मी तोंड फिरवून ओटा पुसायला लागले. त्या बाईंनी मला एकदाही पाहिलं नव्हतं आणि माझ्या मनातलं सगळं ओळखलं होतं.

मी गावात वीस वर्षं काम करतेय. स्टँडमागच्या मोहल्ल्यात मी पोलिओच्या डोसाला गेले, रेशनकार्डांना गेले, बचतगटाच्या कर्जफेडीला तर महिन्यातून दोनदा जाते. तिथल्या बायका मला 'ताई' म्हणतात, वाट सोडून उभ्या राहतात. पण त्या कढईची गोष्ट ऐकली आणि लक्षात आलं, की वीस वर्षांत मी तिथं कुणाच्या घरात बसून कपभर चहा घेतलेला नाही. कुणी दिला नाही असं नव्हे. "नको नको, उशीर झालाय" म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरलेय. मणिपूर माझ्या घरात येऊन राहून गेलं होतं. स्टँडमागचा मोहल्ला मात्र माझ्या घरापासून सात मिनिटांवर होता, तिथंच राहिला.

म्हणून मला वाटतं, की लांबचा पाहुणा सोपा असतो. तो सहा दिवसांत जातो, त्याच्याशी आपला जुना हिशेब नसतो. त्याची भाषा, कपडे, खाणं, सगळ्याचं कौतुक करता येतं. ज्याच्या आजोबांशी आपल्या आजोबांचं बांधावरून भांडण झालं, किंवा ज्याच्या गल्लीतून मिरवणूक न्यायची की नाही यावर दरवर्षी बैठक होते, तो अवघड.

शिबिरांनी दंगली थांबतात असं मी म्हणणार नाही. २०१७च्या शिबिरात मणिपूरहून दोघी मैत्रिणी एकाच बसनं, एकाच डब्यातून आल्या होत्या. आमच्याकडची मैतेई, इंफाळची. दुसरी कुकी, चुराचांदपूरची, आमच्या शेजारच्या काकूंकडं राहिलेली. गावी जाताना दोघींनी एकाच रंगाच्या बांगड्या घेतल्या. ३ मे २०२३ला तिथं जे पेटलं ते तुम्ही वाचलंय. दोनशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. इंटरनेट बंद होतं. मी फोन लावत राहिले, चौथ्या दिवशी लागला. ती बरी होती. मैत्रिणीबद्दल विचारलं तर म्हणाली, "बोललो नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आंटी, आता तिच्या गावाकडं जाता येत नाही." शेजारच्या काकूंनी चुराचांदपूरला फोन लावला, तिथंही तेच उत्तर. दोन्ही मुलींची खबर एकमेकींना सांगायला आम्ही दोन बायका, मध्ये एक कंपाउंडची भिंत! माझे यजमान म्हणाले, "मग काय उपयोग तुमच्या शिबिरांचा?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढं एका प्रशिक्षणात भिवंडीबद्दल ऐकलं, तेव्हा थोडा उजेड पडला. भिवंडीत १९७० साली दंगल झाली, १९८४ साली पुन्हा झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथं आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नियमानं एकत्र बसायचे. बोलायचे काय, तर नळ, गटार, नवरा-बायकोची भांडणं, पोरांच्या मारामाऱ्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथं रंगमंच नव्हता, वेशभूषा नव्हती. ओळख होती, आणि ती रोजची होती. सहा दिवसांची ओळख आणि रोजची ओळख यांत हा फरक आहे.

यंदा मी लेकीच्या मंडळाला हेच ऐकवलं. म्हटलं, एकशेवीस मुलं बाहेरून आणा, पण गावातलीही मुलं एकमेकांच्या घरी राहू देत. तीन रात्री तरी. पाटील गल्लीतलं पोरगं वस्तीतल्या घरी, मोहल्ल्यातली पोरगी आमच्या कॉलनीत. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मोबाइलच्या दुकानवाला म्हणाला, "काकू, ओडिशाचं पोरगं ठेवायला घर मिळेल. हे अवघड आहे." माझी लेक म्हणाली, "म्हणूनच करायचं." शेवटी वीस मुलांपुरतं ठरलं.

दुसरीही कानउघाडणी केली, तीही सांगते. युवा मंडळांचे कार्यक्रम मी बरीच वर्षं बघतेय. रक्तदान, झाडं लावणं, व्याख्यानमाला, सगळं छान. पण माइक मुलांच्या हातात आणि रांगोळी मुलींच्या! पाहुण्यांना ओवाळायला मुली, पैशाची वही मुलांकडं. गेल्या वेळी मुलींच्या बाजूला रात्री दिवा नव्हता, हे चौथ्या दिवशी कळलं, कारण ठरवणाऱ्यांत एकही मुलगी नव्हती. यंदा हिशेब त्या बी.ए.च्या मुलीकडं दिलाय. बघू.

आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरंही द्यायला हवीत, ते काही वेडे प्रश्न नाहीत. परकं मूल घरात ठेवायचं म्हणजे जोखीम आहे, त्यांची आणि आपलीही. म्हणून नियम केलेत. एका घरात एकटं मूल कधीच नाही, दोघंच. मुली असतील तिथं घरात बाई हवीच, रात्रीसुद्धा. रोज संध्याकाळी बायकांची टोळी प्रत्येक घरी जाऊन मुलांशी घरच्यांच्या माघारी दोन मिनिटं बोलणार, यात कुणी राग मानायचा नाही. मुलांच्या आईवडिलांचा फोन रोज लागला पाहिजे. औषधं, आजार, काय चालत नाही याची चिठ्ठी आधीच येते. जेवणाचं म्हणाल तर तुम्ही जे खाता तेच, भात थोडा जास्त टाका. संडास एक असला तर रांग लावा, आपल्याकडं लग्नात काय करतो? आणि जातीचा रकाना फॉर्मवर नाही. कुणी विचारलं तर मुलं हसून वही मिटतात, असं त्यांनी ठरवलंय.

भिशीच्या त्या दिवशी सात घरं मिळाली. आज माझ्या वहीत एकेचाळीस आहेत. परवा मोहल्ल्यात बचतगटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर गटाची सेक्रेटरी मागं थांबली. वह्या आवरत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, आमचीही चार-पाच घरं तयार आहेत. पण आमच्याकडं द्याल का मुलं? गेल्या वेळेला कुणी विचारायलाच आलं नव्हतं."

गेल्या वेळी घरांची यादी करणाऱ्यांत मीही होते. मी वही उघडली आणि तिलाच लिहायला दिली. तिनं पाच नावं लिहिली, सहावं तिचं स्वतःचं. मग विचारलं, "चहा टाकू?" बाहेर अंधार पडत आला होता, घरी कुकर लावायचा होता. मी चप्पल काढून आत जाऊन बसले.

अजून तेरा घरं हवीत. गुरुवारी दुपारी तीनला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतोय, आमच्या गावातल्या मैत्रिणींनी तिथं यावं. दुसऱ्या गावच्या असाल आणि तुमच्याकडं असं मंडळ असेल, तर घरांची यादी कोण करतंय ते आधी बघा. सासूबाईंनी आमची माडीवरची खोली झाडून ठेवलीय. पोरी कुठल्या येणार हे अजून ठरलेलं नाही, त्यांनी ठेच्यासाठी मिरच्या मात्र आणून ठेवल्यात.